वाढता रेकॉर्ड संग्रह कमी खर्चात कसा ठेवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत, गावभागात राहतो. घरात साडेसहाशे एलपी (बारा इंची मोठ्या रेकॉर्ड), दोनशेच्या आसपास ७८ चे तवे (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, लाखेच्या रेकॉर्ड) आणि चार खोके ईपी (सात इंची छोट्या रेकॉर्ड) आहेत. मिरज, तासगाव, कराड, साताऱ्याहून लोकांचे फोन येतात. कोणती रेकॉर्ड घेऊ, असं क्वचित कोणी विचारतं. घेतलेली ठेवू कुठं, हेच बहुतेकांना हवं असतं. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी माझं एक ठाम मत आहे: कृष्णाकाठी रेकॉर्ड अशा ठेवाव्यात की वेळ आली तर रात्री एकट्या माणसाला त्या उचलून वरच्या मजल्यावर नेता आल्या पाहिजेत. बाकी फर्निचर नंतर.

१. पन्नासेक एलपी झाल्या आहेत. टेबलावर एकावर एक रचून ठेवल्या तर चालतं का?

नाही. एलपी उभ्याच ठेवायच्या, पुस्तकासारख्या. चळत लावली की सगळं वजन खालच्या दहा-पंधरांवर येतं. कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल वळ उमटतो, आणि मधे एखादं जाड कव्हर किंवा धुळीचा खडा असेल तर तबकडी वाकते. चळतीतली खालची रेकॉर्ड काढताना कव्हरं एकमेकांवर घासतात, ते वेगळंच.

उभ्या म्हणजे सरळ उभ्या. तिरक्या टेकलेल्या रेकॉर्डही कालांतराने बाक धरतात. रांग अर्धी रिकामी असेल तर उरलेल्या जागेत टेकू द्या. मी जुन्या वह्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून लावतो. बोटांनी चाळता येईल इतकं सैल आणि कलणार नाही इतकं घट्ट, हे माप हाताला दोन दिवसांत कळतं.

२. सुताराला माप काय सांगू? आणि वजन किती धरायचं?

बारा इंची एलपीचं कव्हर साधारण साडेबारा इंच चौरस असतं. कप्प्याची आतली उंची साडेतेरा इंच सांगा. वरचा एक इंच बोटं घालायला लागतो. खोली तेरा इंच पुरते.

कव्हरसह एक एलपी सरासरी पाव किलोची. शंभर एलपी म्हणजे पंचवीस किलो, सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतकं वजन. फूटभर लांबीत साठ ते सत्तर बसतात. जोड-अल्बम आणि जाड १८० ग्रॅमच्या नव्या तबकड्या असतील तर कमी. पुस्तकांची कपाटं इथंच कमी पडतात: त्यांची खोली बहुधा दहा-अकरा इंच असते आणि फळी बारा-पंधरा मिलिमीटरची. तीन फूट लांब फळीला मधे आधार नसेल तर सहा महिन्यांत बाक येतो.

३. अगदी कमी पैशात सुरुवात करायची आहे. काय घेऊ?

भाजीचा प्लॅस्टिक क्रेट. टोमॅटो, वांगी बाजारात येतात तो. जुन्या सामानाच्या बाजारात वापरलेला मिळतो. माझ्याकडच्या क्रेटची आतली रुंदी साडेतेरा इंच आहे, म्हणजे त्या रुंदीत एलपी उभी नीट बसते. सगळे क्रेट सारखे नसतात, म्हणून घेताना खिशात टेप ठेवा, नाहीतर एक रिकामं कव्हरच सोबत न्या. दुधाच्या पिशव्यांचे बरेचसे क्रेट अरुंद असतात, त्यात एलपी बसत नाही.

घरी आणल्यावर तीन कामं करा. साबणाने धुऊन दोन दिवस वाळवा, कारण भाजीचा चिकटा जाळीत राहतो. मग तळाला आणि चारही बाजूंना पुठ्ठा लावा, नाहीतर जाळीच्या कडांच्या रेघा पहिल्या आणि शेवटच्या कव्हरवर उमटतात. तिसरं म्हणजे क्रेट पूर्ण भरू नका. लांबीत शंभरच्या वर एलपी मावतात, पण मग तो पंचवीस किलोंच्या वर जातो. मी साठ ठेवतो आणि उरलेल्या जागेत टेकू देतो. पंधरा किलोंचा क्रेट जिन्यावरून नेता येतो.

आणि एक: एलपी क्रेटच्या काठापेक्षा इंचभर वर येते. भरलेल्या क्रेटवर दुसरा क्रेट कधीही ठेवू नका. सगळा भार कव्हरांच्या कडांवर येतो.

४. तासगावला बेदाण्याचे रिकामे खोके भरपूर मिळतात. ते चालतील?

एका दिवसात घर बदलायला चालतील, कायमचे नाहीत. पुठ्ठ्याचा तळ वजनाने पोटासारखा खाली येतो आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. शिवाय बेदाण्याचा गोडवा पुठ्ठ्यात उरतो. मी एकदा चाळीस एलपी अशा खोक्यात ठेवल्या. आठवड्याने उघडलं तर काळ्या मुंग्यांची रांग थेट कव्हरांच्या मधून चालली होती. तबकड्यांना काही झालं नाही, पण एकेक कव्हर कोरड्या ब्रशने झटकण्यात रविवार गेला. हळदीची पोतीही नकोत. तागाचं पोतं हवेतला दमटपणा शोषून घेतं आणि त्याचे तंतू खाचांमध्ये जातात.

५. आता चारशेवर गेलो. सुताराकडून रॅक करून घ्यायचं आहे, पण प्लाय वाया जाऊ नये.

हा माझा आवडता हिशोब आहे. १८ मिलिमीटरच्या आठ बाय चारच्या एका शीटमध्ये सहा कप्प्यांचं रॅक बसतं: दोन रांगा शेजारी, तीन कप्पे उंच, प्रत्येक कप्पा आतून साडेतेरा इंच चौरस.

शीटच्या लांबीत तेरा इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. पहिल्या पट्टीतून दोन उभ्या बाजू, प्रत्येकी साडेत्रेचाळीस इंच. दुसऱ्या पट्टीतून तीन आडव्या फळ्या, प्रत्येकी पावणेअठ्ठावीस इंच. तिसऱ्या पट्टीतून चौथी आडवी फळी आणि मधले तीन उभे तुकडे, प्रत्येकी साडेतेरा इंच. शीटची नऊ इंचांच्या आसपासची चौथी पट्टी उरते, तिच्यातून मागच्या आडव्या पट्ट्या आणि खालची बैठक निघते. मागच्या पट्ट्या टाळू नका. त्यांच्याशिवाय भरलेलं रॅक एका बाजूला कलतं. मागे पूर्ण पाठ लावायची मात्र गरज नाही, उघडं राहिलेलं बरं, हवा खेळते.

एका कप्प्यात सत्तर एलपी धरा. सहा कप्प्यांत चारशेवीस, म्हणजे शंभर किलोंच्या वर. त्यामुळे नुसते खिळे नकोत, स्क्रू आणि फेविकॉल दोन्ही लावायला सांगा. रॅक भिंतीला वर दोन ठिकाणी पकडून घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. पॉलिश किंवा रंग केला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन आठवडे, रेकॉर्ड आत ठेवू नका.

तळमजल्यावर राहत असाल तर हे रॅक करण्याआधी प्रश्न ७ वाचा.

६. लोखंडी अँगलचं रॅक, कडप्पा, जुनं लोखंडी कपाट, यांत बरं काय?

तिन्ही चालतात, पण कामं वेगळी.

किराणा दुकानात असतं ते भोकांच्या अँगलचं रॅक मला सगळ्यात उपयोगी वाटतं. नटबोल्ट सोडवून फळ्यांची उंची बदलता येते आणि संग्रह वाढला की वर एक फळी चढवता येते. अठरा इंच खोल, तीन फूट लांब फळी घ्या. तीवर दोन क्रेट शेजारी बसतात आणि तीनेक इंच पुढे येतात, तिथंच उचलायला धरता येतं. दोन फळ्यांत पंधरा इंच अंतर ठेवा. फळीच्या पत्र्याखाली मधोमध एक आडवी पट्टी मारून घ्या. पत्र्याच्या धारदार कडांना सायकलची जुनी ट्यूब कापून लावा.

कडप्प्याचे कप्पे आपल्याकडच्या घरांत असतातच. कडप्प्याला वाळवी लागत नाही आणि योग्य आधार असेल तर तो झुकत नाही. फळी बारा इंच खोल असेल तर एलपी अर्धा इंच बाहेर येते, त्याने बिघडत नाही. फक्त ते कप्पे बाहेरच्या भिंतीत असतील तर पावसाळ्यात हात लावून बघा. भिंत गार आणि ओलसर लागली तर तिथं भांडी ठेवा, रेकॉर्ड नको.

लोखंडी कपाट धूळ आणि उंदीर यांपासून उत्तम राखण करतं. अडचण बंद हवेची. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, ऊन पडलेल्या दुपारी, दारं तासभर उघडी ठेवायला हवीत.

७. घर तळमजल्यावर आहे आणि पूर येतो. मग रेकॉर्ड ठेवायच्याच नाहीत का?

ठेवायच्या, पण उचलता येतील अशा. सांगलीत याला पर्याय नाही. २००५, २०१९, २०२१, तीनदा पाणी घरात आलेलं आमच्या भागाने पाहिलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती, तर धोका पातळी ४५ आहे. अशा पाण्यात खालची फळी रिकामी ठेवून किंवा रॅक विटांवर चढवून काही साधत नाही. पुरुषभर पाण्यात वरची फळीही बुडते.

म्हणून तळमजल्यावर फक्त क्रेट, अँगलच्या रॅकवर, प्रत्येकात साठ एलपी. पक्कं ठोकलेलं प्लायचं रॅक वरच्या मजल्यावर. माझ्या घरात अशीच विभागणी आहे. जून लागला की दोन कामं मी ठरवून करतो. क्रेटना खडूने क्रमांक घालतो, आधी काय न्यायचं त्या क्रमाने. ज्यांची दुसरी प्रत मिळणार नाही ते तवे एक नंबरला, नव्याने पुन्हा छापल्या जाणाऱ्या एलपी शेवटी. दुसरं, वरच्या खोलीत तेवढी जमीन मोकळी करून ठेवतो. जागा नसली की माणूस जिन्यातच क्रेट ठेवतो आणि वाट अडते.

आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आहे. मी ३५ ला उचलायला लागतो. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि वारणेलाही पाणी असलं तर त्याआधी. हरिपूरला वारणा येऊन मिळते, तेव्हा दोन्ही नद्या भरल्या असतील तर वाट बघण्यात अर्थ नसतो. २०१९ ला मी वाट बघितली. शेवटचे तीन क्रेट गुडघाभर पाण्यातून काढले आणि खाली राहिलेली एक लाकडी पेटी गेली. तिच्यात वडिलांनी जमवलेले नाट्यसंगीताचे तवे होते. पाणी ओसरल्यावर पेटी फुगून उघडेना. पहारीने उघडली तर वरच्या तव्यावरचं लेबल गाळात विरघळून गेलं होतं, कोण गातंय ते आता वाजवल्याशिवाय कळत नाही.

वरचा मजलाच नसेल तर पावसाळ्याचे तीन महिने विश्रामबागेकडे किंवा मिरजेत नातेवाइकांकडे क्रेट ठेवा. लोक लाजतात. विचारा, पंधरा किलोंच्या चार क्रेटना कोणी नाही म्हणत नाही.

८. रेकॉर्ड पुराच्या पाण्यात भिजल्या. वाचतील का?

एलपी आणि ईपी बहुधा वाचतात. त्या प्लॅस्टिकच्या असतात, पाणी त्यांना खात नाही. कव्हरं वाचणं अवघड. वेळ महत्त्वाचा: कव्हर वाळून तबकडीला चिकटण्याआधी, ओलं असतानाच तबकडी बाहेर काढा. चिकटलं असेल तर ओढू नका, आणखी पाणी घालून सोडवा.

गाळ वाहत्या स्वच्छ पाण्याखाली आपोआप जाऊ द्या. बोटाने घासलं की रेतीचे कण खाचा कोरतात. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने, खाचांच्या दिशेने गोल पुसा. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वरून सोडा, म्हणजे क्षारांचे डाग राहत नाहीत. ताटं उभी ठेवायच्या स्टँडमध्ये पंख्याखाली, सावलीत वाळवा. उन्हात नाही.

कव्हरं उघडून त्यांत कोरा कागद घाला आणि तो बदलत राहा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कव्हर टाकावंच लागलं तर आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. तव्यांसाठी प्रश्न १२ बघा.

९. पूर नाही, पण पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते. (साताऱ्याहून, पाचगणीहून हा प्रश्न दरवर्षी येतो.)

तीन गोष्टी. रॅक भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा. न्हाणीघराच्या सामाईक भिंतीला रॅक अजिबात नको. कव्हराभोवती पिशवी असेल तर तिचं तोंड चिकटपट्टीने बंद करू नका, आत अडकलेली ओल बाहेर पडू द्या.

हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र फार महाग नसतं, ते कप्प्यात ठेवा. ४०-५० टक्के उत्तम. आपल्याकडे जुलैमध्ये ते शक्य नाही, पण साठच्या वर सतत राहिलं तर पंखा चालवा. सिलिका जेलच्या पुड्या बंद कपाटात उपयोगी पडतात, उघड्या रॅकमध्ये नाही. त्या अधूनमधून तव्यावर, म्हणजे पोळीच्या तव्यावर, मंद आचेवर तापवून घेतल्या की पुन्हा कामाला येतात. पुडी कागदाची किंवा प्लॅस्टिकची असेल तर दाणे काढून तापवा. फक्त रंग बदलणारे निळे-नारिंगी दाणे असे स्वयंपाकघरात तापवू नका.

बुरशी आलीच तर ते कव्हर आधी बाजूला काढा, शेजारच्यांना लागते. गच्चीच्या सावलीत कोरड्या ब्रशने झटका, नाकाला रुमाल बांधून.

१०. माळ्यावर भरपूर जागा आहे. तिथं टाकल्या तर?

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. व्हिनाईल साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण तिरकी किंवा दाबाखाली असलेली तबकडी त्याआधीच वाकायला लागते. माळा नको. पश्चिमेची खिडकी नको. दुपारी उन्हात उभी केलेली बंद गाडी तर मुळीच नको: बाजारातून रेकॉर्ड आणताना जेवायला थांबलात तर पिशवी सोबत घेऊन उतरा.

११. प्लॅस्टिकची कव्हरं कोणती घ्यावीत? महागडी परदेशी लागतात का?

लागत नाहीत. पॅकिंग मटेरियलच्या दुकानात कपड्यांच्या पारदर्शक पिशव्या मिळतात, तेरा इंची. हातात कुरकुरणारी, वास नसलेली पिशवी घ्या, ती पॉलिप्रॉपिलीनची असते. मऊ, जड, रबरासारखा वास येणारी जाड प्लॅस्टिकची घेऊ नका. ती पीव्हीसीची असते, आणि वर्षानुवर्षं टेकून राहिली की तबकडीवर धुरकट थर येतो. तो धुऊन जात नाही. जुन्या रेकॉर्डसोबत अशी जाड कव्हरं आली असतील तर ती आजच काढा.

पैसे मोजकेच असतील तर आधी आतल्या पाकिटांवर खर्च करा, बाहेरच्या पिशवीवर नंतर. फाटलेलं पाकीट थेट खाचांवर घासतं.

१२. आजोबांचे ७८ चे तवे एलपींच्याच रांगेत ठेवू का?

वेगळे ठेवा. ते बहुतेक दहा इंची असतात. बारा इंचींच्या मधे गेले की दिसत नाहीत आणि शेजारची एलपी त्यांच्यावर वाकते. शिवाय ते लाखेचे, म्हणजे जड आणि ठिसूळ. एलपी पडली तर वाचते, तवा फुटतो. आपल्याकडे असे तवे १९६० च्या दशकातही निघत होते, त्यामुळे जुन्या घरांत अजून पुष्कळ सापडतात.

उभेच ठेवा, प्रत्येक जाड कागदी पाकिटात. क्रेटमध्ये पंचवीस-तीसच, तळाला फोम किंवा दुमडलेली चादर. पुस्तकासारखे जुने अल्बम असतील तर तेही उभे.

आणि तवा स्पिरिटने कधीही पुसू नका. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बघा: कारागीर लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तंबोऱ्याला पॉलिश करतात. तेच स्पिरिट तव्यावर लागलं की लाख सुटते आणि खाचा जातात. अब्दुल करीम खाँसाहेबांचा एक तवा माझ्याकडे असा पुसलेला आला, मधली बोटभर रुंदीची गोल पट्टी आता नुसती खरखरते. भिजलेला तवा साध्या पाण्याने, लेबल न भिजवता पटकन पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. पाण्यात बुडवून ठेवायचा नाही.

१३. ईपीसाठी काय?

सात इंची ईपी बुटांच्या मजबूत खोक्यात उभ्या राहतात. नेण्याआधी एक घालून बघा. खोक्यावर आतली पहिली आणि शेवटची ईपी लिहून ठेवा.

१४. कसर, वाळवी, उंदीर?

कसर कव्हरांचा डिंक खाते, म्हणून कणे आधी झिजतात. झाडू मारताना महिन्यातून एकदा रॅकच्या मागेही मारा, अंधार आणि धूळ गेली की ती टिकत नाही. वाळवीसाठी लाकडी रॅक थेट जमिनीवर नको, खाली लोखंडी किंवा दगडी पाय द्या. उंदरासाठी लोखंडी कपाट (प्रश्न ६). डांबराच्या गोळ्या मी रेकॉर्डजवळ ठेवत नाही. त्यांचा वास कव्हरात वर्षानुवर्षं राहतो.

१५. जुना वाडा आहे, वर लाकडी तुळयांचा मजला. हजार एलपी पेलेल का?

हजार एलपी म्हणजे अडीचशे किलो, रॅक वेगळं. स्लॅबच्या नव्या घरात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरून हिशोब करतात, त्यामुळे भिंतीलगत पसरून ठेवलेल्या रॅकची सहसा काळजी नसते. वाड्याचं तसं नाही. माळवदाच्या तुळया किती खाल्ल्या गेल्या आहेत ते वरून दिसत नाही. चालताना मजला हलत असेल, भांडी खणखणत असतील, तर तिथं ठेवू नका. ठेवायच्याच असतील तर जाड भिंतीला लागून, तुळयांना आडवं, म्हणजे एका रॅकचा भार चार-पाच तुळयांवर पडेल असं. एका उंच रॅकपेक्षा दोन बुटकी बरी. आणि आधी गवंड्याला नव्हे, वाड्यांची कामं केलेल्या जुन्या सुताराला बोलवून तुळयांची टोकं, भिंतीत जातात तिथली, टोचून बघायला सांगा. ती टोकंच आधी कुजतात.

१६. वाकलेली एलपी वजनाखाली ठेवून सरळ होते का?

थोडा बाक असेल तर कधी कधी. दोन सपाट काचांमध्ये, आतलं पाकीट काढून, स्वच्छ पुसून, वर चार-पाच किलो पुस्तकं, थंड खोलीत काही आठवडे. काचेवर धुळीचा कण राहिला तर तो तबकडीत रुतेल, म्हणून काच दोनदा पुसा. उन्हात किंवा इस्त्रीने तापवून सरळ करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, खाचा पसरतात. सुई उडत नसेल तर आहे तशीच वाजवा, आणि परत ठेवताना दोन सपाट, जाड कव्हरांच्या एलपींच्या मधे उभी करा.